दहा बाय बाराच्या खोलीतला प्रकाश

घरी पोर्ट्रेट काढायला दिवे घ्यायचे ठरवून निघालेला माणूस दुकानात पहिलाच प्रश्न विचारतो, ‘दोनशेचा घेऊ की चारशेचा?’ दुकानदारही साहजिकच मोठा आकडा पुढे करतो. निघण्यापूर्वी घरातली टेप काढून खोली मोजली असती, तर हा प्रश्न बराचसा आपोआप सुटला असता. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली बेडरूम साधारण दहा बाय बारा फुटांची, छत साडेनऊ फुटांच्या आसपास, मधोमध पंखा, एका भिंतीला कपाट, दुसऱ्या भिंतीत खिडकी. अशा खोलीत दिव्याची ताकद सहसा कमी पडत नाही. कमी पडते ती जागा. म्हणून या प्रकरणात वॉटबद्दल थोडं, आणि प्रकाश मोठा करणाऱ्या, परतवणाऱ्या नि अडवणाऱ्या वस्तूंबद्दल जास्त बोलणार आहे. पैशांची वाटणीही त्याच हिशोबाने करावी, असं माझं मत आहे.

सुरुवात छतापासून करू. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सव्वापाच फुटांच्या आसपास असतात. चेहऱ्यावरच्या सावल्या स्वाभाविक वाटाव्यात असं वाटत असेल तर दिव्याचा मध्य डोळ्यांच्या दीड-दोन फूट वर हवा, म्हणजे सुमारे सात फुटांवर. तिथे १२० सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास चार फुटी सॉफ्टबॉक्स चढवला की त्याची वरची कड नऊ फुटांवर जाते. पंख्याची पाती त्याच्याही खाली असतात. आता तोच माणूस स्टुलावर बसवा. डोळे चार फुटांवर आले, दिव्याचा मध्य सहा फुटांवर, वरची कड आठ फुटांवर. पंख्याखालून सॉफ्टबॉक्स जेमतेम निघतो. फ्लॅटमधली पोर्ट्रेटं बसवूनच काढावीत याचं कारण हे असं सरळ आहे. त्यामुळे प्रकाशाच्या सामानाच्या यादीत मी सगळ्यात वर एक स्टूल लिहितो: उंची कमी-जास्त होणारं आणि पाठ नसलेलं. पाठ असली की माणूस रेलतो, खांदे पडतात आणि मग कितीही चांगला दिवा लावला तरी फोटो थकलेला दिसतो. काम चालू असताना पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवावी. गरम होतंय म्हणून कुणीतरी सहज बटण दाबतं, आणि पात्यांना अडकून सॉफ्टबॉक्सचं कापड फाटतं.

दुसरं माप खोलीचं. सॉफ्टबॉक्स घेताना सगळे त्याचा व्यास विचारतात, खोली कुणी विचारत नाही. हल्ली पॅराबोलिक म्हणून जे खोल सॉफ्टबॉक्स मिळतात त्यांची खोलीच दोन-सव्वादोन फूट असते. त्यामागे फ्लॅशचं डोकं आणखी पाऊण-एक फूट. दहा फुटांतले तीन फूट दिव्याने एकट्यानेच गिळले, तर माणूस, कॅमेरा आणि फोटो काढणारा यांनी उरलेल्या सात फुटांत कसं मावायचं? घरासाठी उथळ सॉफ्टबॉक्स घ्यावा आणि तो छत्रीसारखा एका झटक्यात उघडणारा-मिटणारा असावा. काम संपल्यावर खोलीत पुन्हा अंथरूण पडणार असतं. सामान दहा मिनिटांत कपाटामागे गेलं नाही तर महिन्याभरात घरचे लोक वैतागतात आणि स्टुडिओ बंद पडतो.

आता मुख्य गोष्ट. मऊ प्रकाश म्हणजे मंद प्रकाश असा एक समज आहे, तो सोडून द्यावा. सावलीची कड मऊ पडणार की कडक, हे चेहऱ्याच्या जागेवरून पाहिल्यावर दिवा केवढा दिसतो यावर ठरतं. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, पण तो आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून एप्रिलच्या दुपारी सावलीची कड धारदार पडते. आषाढात आभाळ भरून आलं की तोच उजेड सगळ्या आकाशातून झिरपतो आणि नाकाखालची सावली शोधावी लागते. खोलीतही हेच गणित चालतं. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर ठेवला, तर चेहऱ्याच्या दृष्टीने तो १२० सेंटिमीटरवर ठेवलेल्या १२० सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्सएवढाच मोठा असतो. छोट्या खोलीत दिवा जवळ आणावाच लागतो आणि जवळ आणला की तो आपोआप मोठा होतो. ८०-९० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स एका माणसाच्या पोर्ट्रेटला पुरतो.

जवळ आणलेल्या दिव्याचा आणखी एक गुण आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो: अंतर दुप्पट झालं की उजेड पाव, तिप्पट झालं की नववा भाग. (मोठ्या सॉफ्टबॉक्सच्या अगदी जवळ हा नियम थोडा सैल पडतो, पण अंदाज बांधायला तो पुरेसा आहे.) समजा, माणूस भिंतीपासून पाच फूट पुढे बसला आहे आणि दिवा त्याच्या चेहऱ्यापासून अडीच फुटांवर आहे. मग भिंत दिव्यापासून साडेसात फुटांवर आली, तिप्पट अंतरावर. चेहऱ्याला मिळतो त्याच्या नवव्या भागाइतकाच उजेड तिला मिळतो आणि पांढरीशुभ्र भिंत फोटोत गडद राखाडी येते. दिवा मागे सरकवून पाच फुटांवर नेला की भिंतीचं अंतर दहा फूट, म्हणजे दुप्पट. तिला पाव हिस्सा उजेड मिळतो आणि ती मध्यम राखाडी दिसते. कागदाचे रंगीत रोल विकत घेण्याआधी हा प्रयोग एकदा जरूर करून पाहावा. पार्श्वभूमीचे दोन-तीन रंग त्या एका भिंतीतच निघतात.

हाच नियम दोन माणसांच्या फोटोत मात्र उलटतो. नवरा दिव्यापासून एक मीटरवर, बायको दीड मीटरवर असेल, तर तिच्या चेहऱ्यावर निम्म्याहूनही कमी उजेड पडतो. दोघांना सारखा प्रकाश द्यायचा तर दिवा मागे न्यावा लागतो. मागे नेला की तो लहान दिसू लागतो आणि सावल्या कडक होतात. मग मोठी छत्री लागते. दहा बाय बाराची खोली एका माणसाची, फार तर दोघांची. चार जणांचं कुटुंब आलं तर दिवाणखाना रिकामा करावा.

छत्रीबद्दल थोडं. जवळपास प्रत्येक पुस्तक नवख्याला आधी छत्री घ्यायला सांगतं. ती स्वस्त असते, क्षणात उघडते आणि प्रकाश छान पसरवते. पण पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत ती सगळी खोलीच उजळून टाकते. छतावरून, भिंतींवरून, कपाटाच्या सनमायक्यावरून उजेड परत येतो, चेहऱ्याच्या ज्या बाजूला सावली हवी ती भरून काढतो, आणि चेहरा सपाट होतो. भिंतीला पिस्ता किंवा पीच रंग असेल तर गालावर तोही उमटतो. तीन फुटांवरच्या पिस्ता भिंतीने दिलेली हिरवट झाक संगणकावर काढताना नाकी नऊ येतात. म्हणून घरात पहिला मान सॉफ्टबॉक्सला, आणि त्याच्यासोबत मिळणाऱ्या कापडी जाळीला, ज्याला ग्रिड म्हणतात. ग्रिडमुळे प्रकाश बाजूला सांडत नाही. थोडा उजेड ती खाते, पण त्याची या खोलीत ददात नसते.

उरलेला प्रकाश अडवायला काळं काही तरी हवं. चार बाय दोन फुटांचे सनबोर्डचे दोन तुकडे घ्यावेत आणि प्रत्येकाच्या एका बाजूला काळा कार्डपेपर चिकटवावा. पांढरी बाजू सावलीत उजेड परतवते, काळी बाजू उजेड शोषून घेते आणि जबड्याची रेषा उठून दिसते. मुंबईच्या चित्रीकरणात प्रकाश अडवणाऱ्या अशा फळीला कटर म्हणतात आणि लाइटमन लोक दिव्याइतकीच तिचीही काळजी घेतात. या दोन फळ्यांचा खर्च किरकोळ असतो. महागडा दुसरा दिवा घेण्याआधी त्या घेतल्या तर निम्म्या वेळा दुसऱ्या दिव्याची गरजच उरत नाही.

आता दिव्याकडे वळू. फ्लॅश की एलईडी? इथे एक छोटासा हिशोब डोळे उघडणारा आहे. १०० वॉटचा एलईडी शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकं उघडं असताना फक्त एक वॉट-सेकंद वीज वापरतो. २०० वॉट-सेकंदांचा फ्लॅश पूर्ण ताकदीने उडवला तर त्या एका झपाट्यात २०० वॉट-सेकंद खर्च होतात. एलईडी विजेचा उपयोग अधिक चांगला करतो हे धरूनही फरक प्रचंड उरतो. शिवाय फ्लॅशचा झपाटा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही छोटा असतो, त्यामुळे तीन वर्षांचं पोर स्टुलावरून उडी मारत असलं तरी चेहरा रेखीव येतो. हे तंत्र रुळवण्याचं मोठं श्रेय अमेरिकेतल्या एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांच्याकडे जातं; १९३० च्या दशकात त्यांनी वायूच्या नळीतून ठिणगीसारखा क्षणिक प्रकाश काढून वेगवान हालचाली फोटोत थांबवून दाखवल्या.

एलईडीचं बळ वेगळं आहे. सावली कुठे पडते ते डोळ्यांना आधीच दिसतं, शिकणाऱ्यासाठी ही मोठीच सोय. तान्हं बाळ झोपलेलं असेल तर झपाटा नको वाटतो, आणि त्याच दिव्यात व्हिडिओही निघतो. पण दोन-तीन फुटांवरून सतत अंगावर येणाऱ्या प्रखर उजेडात माणसं डोळे बारीक करतात, बाहुल्या आकसतात. फ्लॅशच्या कामात खोली मंद ठेवता येते, त्यामुळे बाहुल्या मोठ्या राहतात आणि नजर मोकळी वाटते. फक्त फोटोच काढायचे असतील तर माझा कौल फ्लॅशला. व्हिडिओही नियमित करायचा असेल तर ६० ते १०० वॉटचा एलईडी घ्यावा आणि कॅमेऱ्याचा आयएसओ थोडा वाढवायची तयारी ठेवावी.

फ्लॅश घेताना त्याची ताकद जास्तीत जास्त किती, यापेक्षा ती कमीत कमी किती करता येते ते आधी पाहावं. अडीच फुटांवरच्या सॉफ्टबॉक्समधून ४०० वॉट-सेकंदांचा फ्लॅश एक-सोळांश ताकदीवरही एफ-२ ला चेहरा पांढरा फटक करतो. काही फ्लॅश एक-बत्तिसांशावर थांबतात, काही एक-दोनशेछप्पनांशापर्यंत उतरतात. घरात दुसऱ्या प्रकारचा २०० चा फ्लॅश पहिल्या प्रकारच्या ४०० च्या फ्लॅशपेक्षा जास्त उपयोगी पडतो. कॅमेऱ्यावर बसणारा साधा स्पीडलाइटही ६०-७५ वॉट-सेकंदांचा असतो. तो ब्रॅकेटमध्ये बसवून सॉफ्टबॉक्सच्या मागे लावला तरी एका माणसाला पुरतो. तो आधीच घरात असेल तर पहिलं वर्ष त्याच्यावरच काढावं.

जोडणीचा भाग महत्त्वाचा. आज बहुतेक सॉफ्टबॉक्स ‘बोवेन्स एस’ नावाच्या जोडणीचे मिळतात. ही १९२३ साली सुरू झालेल्या बोवेन्स या ब्रिटिश कंपनीची जोडणी. कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिची जोडणी इतर अनेकांनी उचलल्यामुळे टिकून राहिली. पहिला दिवा याच जोडणीचा घेतला तर पुढे दिवा बदलला तरी सॉफ्टबॉक्स, ग्रिड, रिफ्लेक्टर तेच चालतात. फ्लॅशला रेडिओने इशारा देणारा ट्रिगर मात्र आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीचा नेमका प्रकार बघूनच घ्यावा. तिथे एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

फ्लॅश लावल्यावर आधी एक चाचणी करावी. शटर १/१६०, एफ-८, आयएसओ १००, आणि फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढावा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काळा आला म्हणजे खोलीतली ट्यूब, खिडकीतला उजेड यांचा फोटोवर काहीच परिणाम नाही; आता जे दिसेल ते फक्त आपल्या दिव्याचं. एलईडीच्या कामात ही सोय नसते, त्यामुळे घरातले बाकीचे दिवे बंदच ठेवावे लागतात. आपला दिवा ५६०० केल्व्हिनचा, छतावरची ट्यूब ६५०० ची आणि कोपऱ्यातला पिवळा बल्ब २७०० चा, असं झालं की एका गालाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही.

एलईडीच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं ते माप, आणि ते ९५ च्या वर असावं. पण हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल रंगाचं माप, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलंच नसतं. खोक्यावर ८० लिहिलेल्या घरगुती एलईडीत आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो. माणसाच्या त्वचेखाली रक्त वाहतं, त्यामुळे प्रत्येक वर्णाच्या कातडीत लालसर छटा असतेच. ती हरवली की चेहरा आजारी दिसतो. दुकानात तपासायचं तर कुंकवाची डबी बरोबर न्यावी. बाहेरच्या उजेडात कुंकवाचा एक फोटो, दिव्याखाली एक, कॅमेऱ्याचा पांढरा रंग दोन्ही वेळा नीट बसवून. दिव्याखालचं कुंकू विटकरी किंवा तपकिरी दिसलं तर तो दिवा तिथेच सोडून यावा.

रंगाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे माणूस ‘उजळ’ दिसावा म्हणून उजेड जास्त ठेवण्याची वाईट सवय पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. सावळ्या चेहऱ्यावरचं तेज जास्त उजेडाने येत नाही. मोठा सॉफ्टबॉक्स थोडा बाजूला घेतला की गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेवर त्याचं लांबट, मऊ प्रतिबिंब पडतं आणि त्या चमकेने चेहऱ्याला घाट येतो. १८ टक्के राखाडी कार्ड चेहऱ्याशी धरून त्यावर उजेड मोजावा आणि मग तो वाढवू नये. समोरच्याला स्वतःचाच वर्ण फोटोत सुंदर दिसला पाहिजे. प्रकाश शिकायचा तो त्याच्यासाठी.

घरच्या स्टुडिओत हमखास येणारी अडचण चष्म्याची. नऊवारी नेसून, नथ घालून आजी स्टुलावर बसल्या आहेत. चष्मा काढला तर त्या त्यांच्यासारख्या दिसत नाहीत, आणि ठेवला तर दोन्ही काचांत पांढरे अष्टकोन. प्रकाश ज्या कोनात काचेवर पडतो त्याच कोनात परततो, तेव्हा तो परतलेला उजेड कॅमेऱ्याला चुकवायचा एवढंच काम आहे. आधी दिवा वितभर वर आणि थोडा बाजूला सरकवा. अजूनही काचेच्या वरच्या कडेला पांढरं उरलं असेल तर चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचला. काचा खाली कलतात आणि प्रतिबिंब खालच्या बाजूने निघून जातं. मग म्हणा, ‘आजी, हनुवटी जराशी खाली घ्या.’ दिवा वर गेल्यामुळे डोळ्यांखालच्या सावल्या वाढलेल्या असतात, त्यासाठी सनबोर्डची पांढरी बाजू आजींच्या मांडीवर आडवी ठेवायची. त्याने नथीच्या मोत्यांना खालूनही उजेड मिळतो. नाही तर मोत्यांचा खालचा अर्धा भाग काळा पडतो आणि नथ अर्धवट दिसते.

दिवा विकत घेण्याइतके पैसे नसतील तर खिडकी आहेच. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावर घराच्या आवारातल्या काचेच्या खुराड्यातून कोंबड्या हलवून तिथे स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीला डार्करूम. एकाच बाजूने येणाऱ्या उजेडात काढलेली त्यांची पोर्ट्रेटं आजही प्रकाश शिकायला पुरतात. उत्तरेची खिडकी त्यासाठी उत्तम, असं युरोपातले चित्रकार मानत आले, पण आपल्याकडे त्यात एक गोम आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारीही उत्तरेकडे कललेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरकं ऊन आत येतं. तेवढे महिने खिडकीला पांढऱ्या मलमलीचा पडदा लावावा. कापड शुभ्रच हवं, पिवळटलेलं जुनं धोतर चेहराही पिवळा करतं.

स्टँडवर हात आखडता घेऊ नये. सॉफ्टबॉक्स पुढे झुकलेला असतो, स्टँडचा एक पाय नेहमी त्याच दिशेला, वजनाखाली ठेवावा आणि पायांवर चार-पाच किलो वाळूची पिशवी टाकावी. वायर जमिनीला चिकटपट्टीने चिकटवून टाकावी. घरात आजी-आजोबा आणि रांगणारी मुलं असतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, सॉफ्टबॉक्सच्या आतल्या पांढऱ्या कापडावर बुरशीचे डाग पडतात आणि मग उजेड पिवळट येतो, म्हणून मिटण्याआधी तो कोरडा आहे ना ते पाहावं आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा.

जुना फ्लॅश स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण समोर लावून पाहावा. पूर्ण ताकदीवर सलग दहा वेळा उडवून दहाही फोटो शेजारी शेजारी ठेवावेत. उजेड किंवा रंग बदलत असेल तर तो नको. काचेची नळी टोकांशी काळवंडली असेल तर तिचं आयुष्य सरत आलं आहे, नवी नळी मिळते का ते आधी विचारावं. फार जुन्या फ्लॅशच्या ट्रिगरच्या टोकांवर दोनशे व्होल्टच्याही वर दाब असू शकतो आणि तो आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट जाळतो, त्यामुळे असा फ्लॅश कॅमेऱ्यावर थेट बसवू नये, रेडिओ ट्रिगरच्या रिसीव्हरवरही तपासल्याशिवाय लावू नये. आणि बिघडला तर घरी उघडू नये. बटण बंद केल्यावर, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा साठा बराच वेळ राहतो. तो आधी उतरवून घेणं हे दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे.